गच्चीवरून अंगणात आलेला कुत्रा

लातूरला ज्या घरात आम्ही दोन वर्षं काढली त्या घराच्या गच्चीवर एक कुत्रा होता, आणि त्याचं भुंकणं मी बंद करवलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी बऱ्याच जणांवर रागावणार आहे.

मुलगी दहावी चांगल्या मार्कांनी पास झाली आणि आमच्या घरात दुसरा विषयच उरला नाही. माझे यजमान नांदेडच्या एका शाळेत गणित शिकवायचे. त्यांच्या बरोबरच्या मास्तरांची पोरं लातूरला मेडिकलच्या क्लासला गेलेली, म्हणून आमचीही जाणार, असं त्यांनी ठरवलं. मुलीला विचारलं नाही, मला फक्त सांगितलं. मी तेव्हा बारा वर्षं एका बालवाडीत शिकवत होते. वयात आलेली मुलगी परगावी एकटी कशी ठेवायची, म्हणून मी बालवाडी सोडली. एक कॉट, गॅसची शेगडी, कुकर, पुस्तकांची खोकी घेऊन आम्ही मायलेकी लातूरला आलो. त्या गल्लीत घरटी अशी एक तरी आई होती. कुणी अहमदपूरची, कुणी परभणीची, एक तर माझ्या माहेरची, हिमायतनगरची निघाली. पोरं क्लासला गेली की आम्ही दारात बसून भाजी निवडायचो आणि कुणाच्या पोराला कोणत्या टेस्टमध्ये किती पडले, एवढंच बोलायचो. दोन वर्षांत मला त्यातल्या एकीच्याही आवडीनिवडी कळल्या नाहीत.

घराची मालकीणबाई पन्नाशी ओलांडलेली, एकटी राहायची. तिचं गाव औशाकडचं. भूकंपात ते गाव बसलं. नवरा आणि सासू माळवदाच्या दगडमातीखाली गेले. ती लेकीला घेऊन लातूरला माहेरी आली होती म्हणून दोघी वाचल्या. पुढं तिनं लातुरातच जागा घेतली, घर बांधलं आणि खोल्या शिकायला येणाऱ्यांना द्यायला लागली. वाचलेल्यांनी तिला सांगितलं होतं, की त्या रात्री गावातली कुत्री आधीपासून रडत होती, पण कुणी मनावर घेतलं नाही. "त्यास्नी आधी कळतंय," ती म्हणायची. म्हणून तिनं गच्चीवर कुत्रा पाळला होता. पहिला म्हातारा होऊन गेला, हा दुसरा. तांबूस अंगाचा, एका कानाला चिरा पडलेला, साधा गावठी कुत्रा. त्याला नाव ठेवलं नव्हतं, नुसतं "ये रे" म्हटलं की तो यायचा. गच्चीवर मोकळा असायचा. कधी वेगळ्याच सुरात भुंकला, की ही बाई दिवसासुद्धा हातातलं काम टाकून अंगणात येऊन उभी राहायची. आम्ही आया तिला हसायचो. तोंडावर नाही, मागं.

पहिल्याच वर्षी दिवाळीच्या आधी एका टेस्टमध्ये मुलीला फिजिक्समध्ये फार कमी मार्क पडले. यजमानांचा फोन आला. ते मुलीशी बोलले नाहीत, मला म्हणाले, "तू तिथं करतेस काय?" फोन ठेवला आणि मी कुणावर तरी खेकसायला मोकळीच होते. दुपारी भाजीचा गाडा आला, कुत्रा गच्चीवरून भुंकायला लागला. मी तरातरा मालकीणबाईच्या दारात गेले. म्हटलं, असं भुंकणं चालू राहिलं तर मुलीचा अभ्यास कसा व्हायचा? ती म्हणाली, जनावर आहे, भुंकणारच. मी म्हटलं, मग आम्हाला दुसरीकडं खोल्या बघाव्या लागतील. संध्याकाळपर्यंत आणखी दोघी आयांना मी तेच बोलायला पाठवलं.

आठवड्याच्या आत कुत्रा पाण्याच्या टाकीजवळ आखूड साखळीनं बांधलेला दिसला. दुपारी एक ते सहा ही पोरांची अभ्यासाची वेळ. तेवढ्या वेळात त्याच्या तोंडाला जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळलेली असायची. मी गच्चीवर कपडे वाळत घालायला जायची तेव्हा तो टाकीच्या सावलीत पडून माझ्याकडं बघायचा. पट्टीच्या कडेनं फेस आलेला असायचा. मी चिमटे लावायची आणि खाली यायची. मला वाईट वाटलं असं आज म्हणता येईल, पण ते खरं नाही. मला बरं वाटलं होतं. मी यजमानांना फोनवर सांगितलं, आता शांतता आहे.

असं दीड वर्ष गेलं.

बारावीचा आणि सीईटीचा निकाल लागला. मेडिकलला लागतात तेवढे मार्क नव्हते. मुलगी रडली नाही. तिनं पुस्तकं खोक्यात भरली, खोकं दोरीनं बांधलं आणि कधी निघायचं एवढंच विचारलं. त्याच सुमारास मालकीणबाईनं जागा एका बिल्डरला दिली. तिथं मोठं होस्टेल होणार होतं, आणि ती पुण्याला लेकीकडं जाणार होती. आम्ही सामान टेम्पोत चढवत होतो तेव्हा ती कुत्र्याला दोरीनं धरून जिना उतरली आणि दोरी माझ्यासमोर धरली.

"ह्याला घेऊन जावा."

मी म्हटलं, आम्ही काय करणार याचं?

"तुमच्यापायी मी ह्याचं तोंड बांधलं. आता तुम्हीच सांभाळा. हितं ठेवला तर बांधकामवाले काठी घालतील."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. निकालाचं दुःख, दोन वर्षांची दगदग, टेम्पोवाल्याची घाई, आणि त्यात ही बाई मला जाब विचारणार. मी म्हटलं, पट्टी तुम्ही बांधलीत, मी नाही.

ती शांतपणे म्हणाली, "हाव. हात माझे होते. तोंड तुमचं होतं."

तेवढ्यात मुलीनं तिच्या हातातून दोरी घेतली, टेम्पोच्या मागच्या भागात कॉट आणि गॅसच्या मधल्या जागेत चढली आणि म्हणाली, "ये रे." कुत्रा एका उडीत तिच्याशेजारी. मी पुढं ड्रायव्हरजवळ बसले. वाटेत लोह्याला चहाला थांबलो तेव्हा मागं जाऊन पाहिलं, तर कुत्रा तिच्या पायांवर मान टाकून झोपलेला. मला त्याचाही राग आला. इतक्या सहज कसा काय कुणाच्या पायावर झोपतो, असं वाटलं. त्यात काही विचित्र आहे हे तेव्हा लक्षात आलं नाही.

नांदेडला घरी पोचलो तर यजमान दारात. मुलीच्या डोक्यावर हात ठेवतील असं वाटलं होतं. त्यांनी कुत्रा पाहिला आणि म्हणाले, "हे काय आणलं?" मग एवढंच, की घरात नको, मागच्या अंगणात ठेवा. कुत्रा पाळायचा तर नीट पाळायचा, त्याला घर करून देऊ, बांधून ठेवायची शिस्त लावू. शिस्त हा त्यांचा लाडका शब्द.

आमच्या मागच्या गल्लीत एक सुतारचाचा राहायचे. त्यांचे वडील, आजोबा सगळे चौकटी आणि दारं करणारे. आमच्या घराची दारंही त्यांच्याच वडिलांनी केलेली. यजमानांच्या मनात होतं, जुन्या कूलरचा पत्र्याचा सांगाडा पडला आहे, त्यालाच भोक पाडून कुत्र्याला द्यावं. चाचांनी त्या पत्र्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. म्हणाले, "मास्तर, नांदेडचा उन्हाळा हाय. यात जनावर न्हाई, पापड ठेवा." यजमान हसले नाहीत, पण ऐकलं.

चाचांनी जुन्या दाराच्या फळ्यांना रंधा मारून चार दिवसांत घर केलं. खाली हवा खेळावी म्हणून ते चार विटांवर ठेवलं. दार मधोमध न ठेवता एका बाजूला ठेवलं, म्हणजे आत कोपऱ्यात बसलं की ऊन आणि वारा लागत नाही. छप्पर उतरतं, आणि साफसफाईसाठी उचलून काढता येईल असं. मला ते घर आवडलं. आमच्या संडास-बाथरूमचीही कुणी इतकी काळजी घेतली नव्हती. चाचा जाताना सांगून गेले की आता याला हात लावू नका, चार दिवस कुत्र्याला नुसता वास घेऊ द्या.

दुसऱ्या दिवशी यजमानांनी त्याला आतून-बाहेरून हिरवा ऑइलपेंट दिला. नवं दिसावं म्हणून. वास असा की मलाच अंगणात उभं राहवेना. कुत्र्यानं एकदा नाक लावलं, शिंकला, आणि अंगणातला हौद आणि भिंत यांच्या मधल्या बोळीत जाऊन बसला. तिथून तो हलेना. जून उजाडला तरी पाऊस नव्हता. मी भलेपणानं एक पोतं भिजवून घराच्या दारावर सोडलं, आत गार राहावं म्हणून. ते ओलं पोतं बघून तो आणखी मागं सरकला, भिंतीला चिकटला. जेवण बोळीतच द्यावं लागलं. तेही आम्ही लांब झाल्याशिवाय खायचा नाही. आणि आवाज काहीच नाही. फेरीवाले गेले, मांजर भिंतीवरून गेली, त्याच्या तोंडातून हूं नाही की चूं नाही.

सहा-सात दिवसांनी यजमानांचा संयम संपला. रविवारची सकाळ होती. त्यांनी कुत्र्याला पट्ट्याला धरून ओढत नेलं, त्या घरात ढकललं आणि दाराला फळी लावून तिला पाटा टेकवला. म्हणाले, "दोन तास राहू दे. आपोआप सवय लागते." मी स्वयंपाकघरातून बघत होते. आतून ओरडणं आलं असतं तर निदान कळलं असतं. ओरडणं नव्हतं. नुसती नखांची खरखर. लाकडावर, न थांबता. मग खालच्या फटीतून विटांवर पाण्याची धार आली. भीतीनं त्यानं आत मुतलं होतं.

मी पोळपाट तसाच टाकून बाहेर गेले, पाटा ढकलला, फळी ओढून काढली. कुत्रा माझ्या पायांमधून निसटून बोळीत शिरला. त्याची दोन नखं तुटली होती. यजमान म्हणाले, तू असे लाड केलेस तर तो कधीच शिकणार नाही.

दोन वर्षांत जे बोलले नव्हते ते मी त्या अंगणात बोलले. म्हटलं, "कुणाला कुठं कोंडायचं ते तुम्ही ठरवायचं आणि कडी मी लावायची. लातूरला मी तेच केलं. आता करणार नाही." बालवाडीचं बोलले. त्या फोनचं बोलले. निकालानंतर घरी आलो त्या दिवशी त्यांनी मुलीचं तोंडसुद्धा पाहिलं नाही, तेही बोलले. शेजारच्या गच्चीवर दोघीजणी उभ्या राहून ऐकत होत्या, त्यांनाही मी आत जायला सांगितलं. यजमान सायकल काढून निघून गेले. खरं सांगायचं तर मला आणखी बोलायचं होतं. समोर कुणी उरलं नव्हतं म्हणून मी मुलीकडं वळले. म्हटलं, तुझ्या अभ्यासापायी मी त्या मुक्या जनावराचं तोंड बांधायला लावलं, आणि काय मिळालं?

मुलगी हौदाच्या कठड्यावर बसली होती. ती म्हणाली, "मी कधी म्हणाले होते की त्याच्या भुंकण्यानं अभ्यास होत नाही?"

मग तिनं जे सांगितलं ते असं. मी रोज दुपारी तासभर झोपायची. मी झोपले की ती वही घेऊन गच्चीवर जायची. कुत्र्याच्या तोंडाची पट्टी सोडायची, त्याला पाणी पाजायची आणि जिन्याच्या खोलीच्या सावलीत त्याच्याजवळ बसून गणितं सोडवायची. पट्टी सोडली तरी तो भुंकायचा नाही, तिला बघत बसायचा. मी उठायच्या आत ती पट्टी परत बांधायची आणि खाली यायची. दीड वर्ष. मालकीणबाईंना ठाऊक होतं. त्यांनी एकदाही हटकलं नाही.

"पट्टी परत बांधताना तो स्वतःहून तोंड पुढं करायचा," ती म्हणाली, आणि मग मात्र रडली. निकालाला रडली नव्हती ती पोरगी.

मला राग यायचा थांबला नाही, फक्त कुठं धरायचा ते कळेना. माझी मुलगी माझ्यापासून लपून रोज उन्हात जात होती आणि मी घोरत होते. मालकीणबाईनं कुत्रा माझ्या हातात दिलाच नव्हता, तो मुलीच्या हातात द्यायचा होता. माझ्या वाट्याला नुसतं ऐकून घेणं आलं होतं. तेही बरोबरच म्हणा.

त्या दुपारपासून कुत्र्याचं काम मुलीनं हातात घेतलं. पहिल्यांदा तिनं दारावरचं पोतं काढून टाकलं. म्हणाली, "त्याला ओला कपडा दिसला की पट्टी वाटत असेल. तीही फेसानं अशीच ओली व्हायची." हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. चाचांना बोलावलं. त्यांनी हिरवा रंग पाहिला आणि तोंडानं फक्त च् च् केलं. छप्पर काढून आतला सगळा रंग खरवडला, फळ्या परत रंधल्या, दोन दिवस उन्हात उघड्या ठेवल्या. मग त्यांनी विचारलं की कुत्रा बोळीत बसला की त्याचं तोंड कुणीकडं असतं. मुलगी म्हणाली, स्वयंपाकघराच्या दाराकडं. यजमानांनी घर ठेवलं होतं त्याचं तोंड भिंतीकडं, अंगण नीटनेटकं दिसावं म्हणून. चाचांनी आणि मी मिळून ते स्वयंपाकघराकडं फिरवलं, हौदाला लागून ठेवलं. त्याला बोळीतून दिसायचं तेच आता घराच्या दारातून दिसायला लागलं. यजमानांनी त्याला बांधायला आणलेली साखळी मी उचलून भंगारात टाकली.

मग रोजचं तेच. दुधात कुस्करलेली भाकरी पहिल्या दिवशी घरापासून हातभर लांब. दोन-तीन दिवसांनी उंबऱ्याजवळ. मग उंबऱ्याच्या आत वीतभर. तो पुढचे पाय आत ठेवायचा, मान लांब करून खायचा आणि मागं सरकायचा. कधी एक दिवस पुढं, तर दोन दिवस मागं. मुलगी शेजारी पाट टाकून बसायची, काहीबाही वाचत. त्याच्याकडं बघायची नाही. बघितलं की तो लाजतो, म्हणायची. आत तिनं जुनी सतरंजी अंथरली होती, तिच्यावर आधी स्वतः आठ दिवस झोपली होती. मी घाई करायला लागले की ती हातानं मला गप्प करायची. माझ्याच घरात मी आवाज न करता भांडी घासायला शिकले.

तीन आठवडे गेले. एका दुपारी मी कपडे काढायला अंगणात गेले तर बोळी रिकामी. फाटक बंद होतं. वाकून पाहिलं, तो आत कोपऱ्यात वेटोळं करून झोपला होता. शेपटी दाराबाहेर. मी कुणाला हाक मारली नाही. कपडे तसेच दोरीवर ठेवून आत आले.

त्याच महिन्यात यजमानांनी रिपीटचा विषय काढला. अजून एक वर्ष लातूर, या वेळी होस्टेल. फॉर्मसुद्धा घेऊन आले होते. मुलगी काही बोलायच्या आधी मी नाही म्हटलं. त्यांनी समजावलं, मग आवाज चढवला, मग नातेवाइकांकडून सांगायला लावलं. माझ्या सख्ख्या भावानं फोन करून मला मूर्ख म्हटलं. पोरीचं नुकसान करून राहिलीस, म्हणाला. मी त्याला विचारलं, तू तिच्याशी शेवटचं कधी बोललास? त्यानं फोन ठेवला. मुलीनं नांदेडच्याच कॉलेजात बीएस्सीला नाव घातलं. यजमान महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. मीही बोलले नाही. कुत्र्याला मात्र ते संध्याकाळी फिरवायला न्यायला लागले, न सांगता. त्यानं मी विरघळले नाही.

कुत्रा भुंकला नाही. पुढं कधीतरी खोकल्यासारखा एक आवाज काढायला लागला, तेवढाच. डॉक्टर म्हणाले, घशात काही दोष नाही. मग दोष कुठं आहे ते मला माहीत होतं.

दिवाळीनंतर मालकीणबाई आली. मुदखेडला तिच्या नात्यातलं लग्न होतं, तिथून वाट वाकडी करून. मी दार उघडलं आणि तिनं आधी विचारलं, "हाय का?" मी मागं नेलं. कुत्रा घरातून बाहेर आला, तिला पाहिलं आणि सगळं अंग हलवत तिच्या पायांशी लोळला. तिनं खाली बसून त्याचं डोकं मांडीवर घेतलं. मला वाटलं होतं, तो ओळखणार नाही. ओळखलं तर दात काढेल. निदान लांब राहील. आमच्याकडं तीन आठवडे पाय आत टाकायला घेतले, आणि जिनं पट्टी बांधली तिच्या मांडीत लगेच.

तिनं कुत्र्याच्या घराच्या छपरावर बोटांनी टकटक केलं. "लाकूड हाय. बरं केलंत. पडलं तरी जीव जायचा न्हाई." मग विचारलं, भुंकतो का? मी नाही म्हटलं. ती बराच वेळ त्याच्या चिरलेल्या कानाशी बोटं फिरवत राहिली. पुण्यात लेकीचं घर सातव्या मजल्यावर आहे, म्हणाली, झोप लागत नाही, तिथं कुत्रं पाळू देत नाहीत.

मी चहा केला. बिस्किटं दिली. तिला माझ्याकडून काहीतरी ऐकायचं होतं, ते मला कळत होतं. चुकलं, असं म्हणायला मला दोन मिनिटं लागली नसती, आणि तीही मग म्हणाली असती. माझ्या तोंडून ते निघालं नाही. ती उठली तेव्हा मुलगी तिला रिक्षापर्यंत सोडायला गेली, मी दारातच राहिले.

मुलगी परत आली आणि म्हणाली, "त्या रिक्षात बसून रडत होत्या."

"रडू दे," मी म्हटलं, आणि कुत्र्याचं पाण्याचं भांडं घासायला घेतलं. ते सकाळीच घासलेलं होतं.